कळसूबाईचा केर

नवरात्राच्या आधीची गोष्ट. कळसूबाईच्या माथ्यावर, देवळाच्या भिंतीला टेकून मी लिंबू सरबत पीत बसले होते. पहाटे पायथ्याच्या बारी गावातून निघालो तेव्हापासून शेवटच्या शिडीपर्यंत ढगानं काही म्हणजे काही दिसू दिलं नव्हतं. मग एकाएकी वारा फिरला, दक्षिणेकडचा ढग उचलला गेला आणि खाली भंडारदऱ्याचं पाणी लखलखलं. माथ्यावर एकच कालवा झाला. बूट काढून पाय पसरलेले लोकसुद्धा तसेच अनवाणी धावले. एका तरुणानं तिकाटण्यावर मोबाईल चढवला, दोन पावलं मागे आला, स्क्रीनमध्ये बघितलं आणि त्याची मान जरा वाकडी झाली. पाण्याच्या आणि त्याच्या मध्ये एक बाई खराट्यानं झाडत होती. ‘मावशी, दोन मिनिटं बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय.’ अगदी नीट, आर्जवानं बोलला. ती लगेच बाजूला झाली. आणि बाजूला होताना तिनं हातातला खराटा पाठीमागे धरला, कुणी पाहुणा अचानक दारात आला की धरतात तसा. फोटो झाला. ‘थँक्यू हं मावशी.’ ती पुन्हा झाडायला लागली.

एवढंच. भांडण नाही, उर्मटपणा नाही. पण तो पाठीमागे गेलेला खराटा काही केल्या डोक्यातून जाईना.

त्या बाईला मावशी म्हणणं हाही आपला एक शहरी रिवाज. ती माझ्याहून लहानच असावी. तोच मुलगा पाच मिनिटांनी मला ‘मॅम, एक ग्रुप फोटो काढाल?’ म्हणाला, म्हणजे मी मॅम आणि ती मावशी. गुडघ्यापर्यंत ओचा खोचलेला, पायांत रबरी चपला, डोक्यावरून घेतलेला पदर कानामागे घट्ट दाबलेला. माथ्यावरचा वारा फार चावट असतो, पदर सोडला तर थेट इगतपुरी तालुक्यात जाईल. आणि ती झाडत काय होती? वाळलेली पानं नाहीत, या उंचीवर झाडंच कुठली. वेफर्सची पाकिटं, ओआरएसच्या पुड्या, फुलांच्या हारासकट आलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, भिजून लगदा झालेले टिश्यू पेपर, नारळाच्या शेंड्या, एक लहान मुलाचा मोजा. ओलं प्लास्टिक खराट्यानं नीट निघत नाही, दगडाला चिकटून बसतं. ती मध्येच वाकून नखानं सोडवत होती आणि खताच्या रिकाम्या गोणीत टाकत होती.

कळसूची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आहे, तुम्हीही ऐकली असेल. कळसू ही कोळ्याची पोर. पाटलाच्या घरी कामाला राहिली तेव्हाच तिनं अट घातली होती, सांगाल ते काम करीन, पण भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. काही काळ सगळं ठीक चाललं. मग एक दिवस घरात पाहुणे आले, कामाचा रेटा वाढला आणि तिला नेमकं तेच करायला लावलं. तिनं ते केलं, आणि मग घर सोडून या डोंगरावर निघून आली, ती कायमची. तिनं भांडी घासली ती जागा थाळेमेळ आणि केर टाकला तो काळदरा, असं इथले लोक सांगतात. लहानपणी मला या गोष्टीत काही राम वाटायचा नाही. देवी म्हटल्यावर कुणीतरी राक्षस मारायला हवा, शस्त्र हवं, वाहन हवं. ही कसली देवी, घरकाम सांगितलं म्हणून रुसलेली. वय वाढलं, स्वतःच्या घरातला केर किती वेळा काढावा लागतो हे कळलं, तशी ही गोष्ट मला थोर वाटायला लागली. आपल्याकडच्या एवढ्या दैवतांमध्ये अमुक काम मी करणार नाही असं आधी स्पष्ट सांगून, शब्द मोडल्यावर चालती झालेली ही पोरगी वेगळीच. आणि तिच्याच देवळापुढे, तिच्याच मुलखातली एक बाई आमचा केर काढत होती. आम्ही म्हणजे पाहुणेच की.

पहिल्यांदा इथे आले ती बाबांबरोबर. बाबांची माथ्यावर एक ठरलेली हजेरी असायची. वर पोचल्यावर पाणीसुद्धा न पिता ते पश्चिमेकडे तोंड करून उभे राहायचे आणि बोटानं एकेकाला पुकारायचे. अलंग, मदन, कुलंग. मग जरा डावीकडे रतनगड, त्याचा खुट्टा नावाचा सुळका. दक्षिणेला दूर हरिश्चंद्रगड. पूर्वेला बितनगड, पट्टा, औंढा. उत्तरेकडे हवा स्वच्छ असेल तर त्र्यंबकची रांग आणि त्याहून लांब सप्तशृंगीचा डोंगर. मला सगळे डोंगर सारखेच दिसायचे, पण नावं पाठ झाली. पुढे कॉलेजात असताना मीही मित्रमैत्रिणींसमोर ती हजेरी घेऊन भाव खाल्ला आहे. कळसूबाईवर स्वतःचा किल्ला नाही, तटबंदी नाही, बुरूज नाही. तरी आज वर आलेली पोरं ‘किल्ला कुठंय?’ विचारतात आणि नाही म्हटलं तर जरा हिरमुसतात, मग घोषणा देऊन घेतात. तर सांगायचं हे की आम्हाला क्षितिजावरचे सगळे गड नावानिशी ठाऊक होते. पायाखालच्या वाडीचं नाव मला बरेच दिवस माहीत नव्हतं. जहागीरदारवाडी. माथ्यावरून तिचे पत्रे चकाकताना दिसतात. बाबांच्या हजेरीत ती नव्हती.

माथ्यावरून दिसतं ते सगळं निसर्गानं मांडून ठेवलेलं आहे, असंच वाटतं. फोटोंच्या खाली लोक तसं लिहितातही. पण त्या दिवशी ज्या पाण्यासाठी सगळे धावले, ते पाणी प्रवरेवरच्या विल्सन धरणाचं. 1926 साली धरण पुरं झालं, नदीकाठची जमीन पाण्याखाली गेली आणि आर्थर लेक हे साहेबी नाव लागलं. नदी उगम पावते रतनगडाच्या कुशीत, आणि तिचं पाणी कालव्यांनी जातं पार खाली, लोणी-श्रीरामपूरकडच्या उसाला. तिकडे घाटघरला डोंगराच्या कडेला आणखी एक पाणी आहे. दिवसा मागणी वाढली की ते खाली सोडून 250 मेगावॉट वीज करतात आणि विजेची मागणी कमी झाली की पुन्हा वर चढवून ठेवतात. भाताच्या पायऱ्यापायऱ्यांच्या खाचरांचं तर विचारूच नका. सप्टेंबरच्या शेवटी त्यांचा जो पोपटी-पिवळा रंग असतो, त्याला तोड नाही, आणि तो रंग कुणाच्या तरी वाकलेल्या कंबरेतून आलेला असतो. हे सगळं बघून डोळे निवतात, माझेही निवतात. फक्त ‘मानवी हस्तक्षेपाविना’ वगैरे शब्द मला आता इथे लिहवत नाहीत. आणि ज्या माथ्यावरून एवढं पाणी दिसतं, त्याच्या पायथ्याच्या वाड्यांना उन्हाळ्यात हंडे घेऊन वणवण करावी लागते. तेव्हा फोटो काढायला कुणी येत नाही, ऊन फार असतं.

डोंगराबद्दल मला खरं अप्रूप वाटतं ते त्याच्या अंगाचं. कुलंगच्या कड्याकडे दुपारच्या तिरप्या उन्हात पाहावं. आडव्या पट्ट्या दिसतात, काळ्या कातळाच्या थरांमध्ये कुठे कुठे लालसर मातकट रेघ. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर माती तयार व्हायला जरा उसंत मिळाली, मग पुन्हा वाहिला. ती लाल रेघ म्हणजे दोन लाव्ह्यांमधली उसंत. हिमालयासारखा हा डोंगर घड्या पडून वर आलेला नाही. मूळचं पठारच एवढं उंच आणि जाड होतं, पावसानं, नद्यांनी ते कोरून कोरून नेलं, आणि जे जायचं राहिलं त्याला आपण शिखर म्हणतो. 1646 मीटर म्हणजे उरलेली उंची. महाराष्ट्रात याहून जास्त कुठेच उरली नाही. साल्हेर येतो दुसरा, 1567 मीटरवर.

आणि त्या उरलेल्या कातळावर वीतभरसुद्धा माती नाही.

या विषयावर मी जरा जास्तच बोलते, घरचे कंटाळतात. पण बघा ना, वर जाताना विहिरीच्या अलीकडच्या सपाटीवर सोनकी फुललेली होती. लांबून पाहिलं तर उतारावर कुणीतरी हळद सांडल्यासारखी. जवळ गेलं की कळतं, एकेक रोप बोटभर मातीत उभं आहे. मधून तेरड्याचे गुलाबी पुंजके. ओल्या कातळावर, जिथे जेमतेम पाणी झिरपतं तिथे, सीतेची आसवं, निळी-जांभळी, करंगळीच्या नखाएवढी. या नाजूक फुलाची मुळाशी असलेली बारीक पिशवी पाण्यातले सूक्ष्म जीव गिळते हे कळल्यावर माझं त्याच्यावरचं प्रेम वाढलंच. पाऊलवाट मधोमध चिखलाची झाली होती. चिखल टाळायला प्रत्येक जण कडेच्या गवतावरून जात होता, म्हणून कडेलाही चिखल, म्हणून पुढचा आणखी कडेनं. बाबांबरोबर आले तेव्हाची एका माणसाची वाट आता बैलगाडी जाईल एवढी झाली आहे. पुढच्या पावसात ती सगळी माती सुटून ओढ्याला जाणार. कुणी एका माणसानं मुद्दाम काही केलेलं नाही, प्रत्येकानं आपापला बूट वाचवला. उतार धरून ठेवते ती कारवी, सात वर्षं नुसती पानं घेऊन उभी राहते, मग एकदाच सगळ्या डोंगरभर जांभळी फुलते आणि बी टाकून मरते. ती फुलली की गाड्यांच्या रांगा लागतात. मधल्या वर्षांत तिच्याकडे बघतं कोण? इथली माणसं बघतात. कुडाच्या भिंतींना तिच्याच काठ्या लागतात.

हा सगळा मुलूख 1986 पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्य आहे, सुमारे 361 चौरस किलोमीटरचं. बिबट्या आहे, जंगलाच्या गर्द भागात शेकरू आहे. पायथ्याच्या पाटीवर काय करू नये याची यादी असते आणि तिच्याजवळच आपण गाडी लावतो. कायद्यात राष्ट्रीय उद्यान निराळं आणि अभयारण्य निराळं. उद्यानात माणसाचे हक्क संपवावे लागतात, अभयारण्यात काही हक्क चालू राहू शकतात. इथे ते राहिले, कारण इथे गावंच्या गावं आहेत. महादेव कोळी आणि ठाकर माणसं पिढ्यान्‌पिढ्या याच जंगलात हिरडा वेचत आली, गुरं चारत आली, आणि देवराईला हात लावायचा नाही हे त्यांनी कुठल्याही राजपत्राची वाट न बघता ठरवलेलं होतं. 2012 साली पश्चिम घाटातली 39 ठिकाणं जागतिक वारसा झाली, त्यात महाराष्ट्रातली चार: कास, कोयना, चांदोली, राधानगरी. हे शिखर त्यात नाही. याचं मला वाईट वाटावं की बरं, ते ठरत नाही. कासचं नाव झालं आणि मग आगाऊ नोंदणी, दिवसाला किती माणसं सोडायची याची मर्यादा, हे सगळं करावं लागलं. इथे भंडारदऱ्याच्या बाजूला पावसाच्या तोंडावर काजवे चमकतात, हिरड्या-बेहड्याची, सादड्याची झाडं पेटल्यासारखी दिसतात. ती बातमी शहरात पोचल्यापासून काजव्यांपेक्षा हेडलाइट जास्त झाले आणि वनखात्याला रात्रीच्या प्रवेशाची वेळ बांधून द्यावी लागली. अंधार बघायला आलेली माणसं दिवे लावून येतात. मी तरी वेगळं काय करते? मीही गाडीनंच येते, इथल्या फुलांवर लिहिते, आणि ते वाचून कुणीतरी येतोच.

गर्दीवर तोंडसुख घेणं फार सोपं आहे आणि आम्हा जुन्या लोकांचा तो आवडता उद्योग आहे. ‘आमच्या वेळी माथ्यावर आपण आणि वारा, दोघंच.’ पण आमच्या वेळी बारीतल्या पोरांना सुट्टीच्या दिवशी चार पैसे मिळायची सोयही नव्हती. आज वाटेवर ठिकठिकाणी निळ्या ताडपत्रीच्या टपऱ्या आहेत, कांदाभजी आहे, काकड्या आहेत, भाकरी-पिठलं सांगून ठेवलं तर उतरेपर्यंत तयार असतं. खालून पाण्याचे कॅन, तेल, बेसन, गॅसची टाकीसुद्धा माणसं डोक्याखांद्यावरून शिड्या चढून आणतात. त्या लोखंडी शिड्यांवर आम्ही दोन्ही हातांनी कठडा धरून ‘खाली बघू नको’ म्हणत चढत असताना, शेजारून चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा डोक्यावर क्रेट घेऊन, एका हातानं, फोनवर गाणं ऐकत गेला. त्याच्या दृष्टीनं गर्दी म्हणजे काय असेल? माझ्या मनात त्या दिवशी दोन्ही गोष्टी होत्या. ढग उघडल्यावर सगळ्यांच्या तोंडून एकदम निघालेला तो आवाज मला मनापासून आवडला होता, एवढी अनोळखी माणसं एका गोष्टीसाठी एकदम खूश होणं आता कुठे बघायला मिळतं? आणि त्याच वेळी वाटत होतं, सगळ्यांनी खाली जावं, आत्ताच्या आत्ता.

त्या मुलाच्या फोटोत नेमकं हेच झालं. त्यानं सांगितलं आणि त्याच्यापुरता माथा रिकामा झाला. आपल्याला डोंगर असाच हवा असतो, रिकामा, आपण सोडून कुणी नसलेला. गंमत म्हणजे ती बाई नसती तर त्या फोटोत पुढे पाणी आणि पायाशी वेफर्सची पाकिटं आली असती. तिनं झाडलेल्या जागेवर उभा राहूनच तो तिला बाजूला व्हायला सांगत होता. तिनं खराटा का लपवला, याचा मी उतरेपर्यंत विचार करत होते. केर काढताना दिसणं कमीपणाचं, म्हणून? की फोटोत चांगलं दिसू नये असं काही हातात असलं की तो आपोआप मागे जातो, म्हणून? तिला विचारलं असतं तर ती बहुतेक म्हणाली असती, काय की बाई, धरला असंल.

उतरताना ती आमच्या पुढेच होती. गोणी डोक्यावर, हात मोकळे. शिडीवर आम्ही शिडीकडे तोंड करून, पाय चाचपत उतरत होतो आणि ती जिना उतरावा तशी समोर बघत उतरली. विहिरीपाशी गोणी टेकवून थांबली तेव्हा गाठ पडली. ‘नवरात्राची झाडलोट का?’ मी विचारलं. ‘तसंच म्हणा. माळा सुरू झाल्या की मग कशाचं झाडणं, पाय ठेवाया जागा नसती.’ या कामाचे पैसे मिळतात का, ते विचारायचं होतं, जीभ रेटेना. मग तिनंच सांगितलं, देवीपुढचं ती आपखुशीनं करते, बाकी वाटेवरच्या केराचं कुणी धड ठरवलेलं नाही, जो टपरी लावतो त्यानं आपल्यापुरतं बघायचं. तिची टपरी खालच्या शिडीच्या अलीकडे. आषाढ-श्रावणात रविवारी सगळ्यात जास्त धंदा, पण नेमकी तेव्हाच भाताची आवणी. ‘तुमी पावसाला येता न्‌ आमचं बी सगळं पावसातच,’ ती म्हणाली. म्हणून शनिवार-रविवार टपरी, इतर दिवस चिखलात. पोरगी तालुक्याच्या गावी, अकोल्याला शिकते, तिला दोन्ही नको आहे.

‘आणि ही गोणी आता कुठे?’ मी विचारलं. काळदरा माझ्या डोक्यात होताच.

‘खाली नेऊन ठेवायची. गाडी आली तर नेती, नाय तर मग पेटवून देतो. लई घाण वास येतो ताई, पण ठिवणार कुठं? गुरं खात्यात.’ गोणी उचलायला मी हात लावला. दिसत होती त्यापेक्षा जड निघाली, पावसाचं पाणी प्लास्टिकच्या घड्यांमध्ये भरून राहतं. तिनं चुंबळ नीट बसवली, गोणी घेतली आणि चालता चालता विचारलं, पुन्हा कधी येणार. मी म्हटलं बघू, जमलं तर नवरात्रातच. ‘नको नको,’ ती म्हणाली, ‘दसरा होऊन जाऊ द्या, मग या. सोमवारी-मंगळवारी या. कोनी नसतं. नुसता केर असतो.’ आणि पुढे निघाली. तिच्या टपरीपाशी पोचेपर्यंत ती चूल पेटवून बसलीसुद्धा होती, गोणी टपरीमागे ठेवलेली, आणि आमच्या पुढे उतरलेली सात-आठ पोरं भज्यांची वाट बघत ओळीनं दगडावर बसली होती. फ्रेमवालाही त्यांच्यात होता. ‘मावशी, अजून किती वेळ?’ विचारत होता.